तारापूरची इंधनसेवा: चार पुरवठादार आणि एक ग्राहक

पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्यांना आजवर चार देशांनी इंधन पुरवले: अमेरिका, फ्रान्स, चीन आणि रशिया. या चौघांच्या सेवेचे हे परीक्षण आहे. भारत-अमेरिका अणुकरारावर राजकीय बाजूने उदंड लिहिले गेले आहे आणि भट्टीच्या तांत्रिक गुणदोषांवरही कमी लिहिलेले नाही. परंतु ठरलेला माल ठरल्या वेळी आला का, करारात लिहून दिलेली हमी पाळली गेली का, तंटा झाल्यावर पुरवठादार कसा वागला आणि वापरून झालेला माल शेवटी कोणाच्या गळ्यात राहिला, हे ग्राहकाचे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जिथे लागून असलेले दोन देश अण्वस्त्रधारी आहेत आणि दर काही वर्षांनी एकमेकांवर तोफा डागतात, अशा प्रदेशात या प्रश्नांची उत्तरे वीजबिलापुरती मर्यादित राहत नाहीत, म्हणून ते विचारायचे.

आधी मालाविषयी, थोडक्यात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने प्रत्येकी 210 मेगावॉट क्षमतेच्या, पाणी भट्टीतच उकळून वाफ करणाऱ्या दोन भट्ट्या तारापूरला उभारून दिल्या आणि ऑक्टोबर 1969 पासून त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. आशियातील पहिल्या अणुवीज केंद्रांमध्ये तारापूरची गणना होते. पुढे दुय्यम वाफजनित्रे त्रास देऊ लागली, म्हणून क्षमता प्रत्येकी 160 मेगावॉटवर आणावी लागली, आणि ती तशीच राहिली. असे असले तरी महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना या केंद्राने कित्येक दशके स्वस्तात वीज दिली, हे मान्य करावेच लागेल. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर याच कुळातल्या या भट्ट्यांच्या वयाची चर्चा झाली. 2020 मध्ये दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. पन्नास वर्षे चाललेल्या यंत्राला वाईट म्हणणे अन्यायाचे होईल.

तक्रार यंत्राविषयी नाहीच. ती इंधनाविषयी आहे. तारापूरच्या भट्टीला नैसर्गिक युरेनियम चालत नाही. नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम समस्थानिक, म्हणजे ज्याचे अणू फुटून ऊर्जा देतात तो युरेनियमचा प्रकार, 0.7 टक्के असते. इथे ते सुमारे अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेले, म्हणजे किंचित समृद्ध केलेले युरेनियम लागते. 1960 च्या दशकात समृद्धीकरणाचे कारखाने जगात मोजक्याच देशांकडे होते आणि ते इंधन विकण्यास तयार असलेला एकमेव व्यवहार्य विक्रेता अमेरिकाच होता. 8 ऑगस्ट 1963 रोजी झालेल्या तीस वर्षांच्या करारात अमेरिकेने केंद्राच्या गरजेइतके समृद्ध युरेनियम विकण्याचे मान्य केले आणि भारताने त्या बदल्यात दोन गोष्टी लिहून दिल्या: या भट्ट्यांत अमेरिकेने दिलेल्या इंधनाखेरीज दुसरे इंधन घालणार नाही, आणि त्या इंधनाचा वापर फक्त शांततेच्या कामांसाठी होईल. पहिली अट नीट वाचावी. शेगडी ज्याच्याकडून घ्यायची, सिलिंडरही कायम त्याच्याकडूनच घ्यायचा आणि दुसऱ्याचा सिलिंडर जोडला तर करारभंग, असा हा व्यवहार होता. ग्राहक पूर्णपणे विक्रेत्याच्या हाती गेला होता. मात्र त्याच कारणाने विक्रेत्यावरही पुरवठा अखंड ठेवण्याची जबाबदारी येत होती, असा भारताचा दावा पुढे कायम राहिला आणि तो मला रास्त वाटतो.

होमी भाभांनी हा सौदा का केला असावा, असा प्रश्न नेहमी पडतो, कारण भाभांची मूळ योजना नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांच्यावर आधारलेली होती. तीत कोणाकडे समृद्ध इंधन मागायला जाण्याची गरजच नव्हती. याचे एक सरळ उत्तर असे की तयार भट्टी, सवलतीच्या व्याजाचे अमेरिकी कर्ज आणि काही वर्षांत प्रत्यक्ष वीज, हा देकार त्या काळी दुसऱ्या कोणी दिला नव्हता. अणुवीज भारतातही चालते हे लवकर दाखवून देणे त्यांना महत्त्वाचे वाटले असणार. सुरुवातीची सवलत गोड लागते, हे इथेही खरे ठरले.

आता प्रत्यक्ष इंधन कसे असते ते पाहू, म्हणजे देखरेखीचा मुद्दा कळेल. युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत एकावर एक रचल्या जातात, नळीची दोन्ही तोंडे बंद केली जातात आणि अशा 36 नळ्यांचा, सहा गुणिले सहा रचनेचा एक जुडगा होतो. परदेशातून समृद्ध युरेनियम यावे आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याचे जुडगे तयार होऊन तारापूरला जावेत, अशी पद्धत पहिल्या भरणीनंतर बसली. प्रत्येक जुडग्यावर क्रमांक असतो. म्हणजे वीजकेंद्रातला हिशेब किलोवर वजन करण्याचा नसून नग मोजण्याचा आहे: इतके आले, इतके भट्टीत आहेत, वापरून झालेले इतके साठवणीच्या पाण्याच्या तळ्यात आहेत.

हे नग मोजण्याचे काम व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक करतात. तारापूरसाठी भारत, अमेरिका आणि ही संस्था यांच्यात 1971 च्या जानेवारीत त्रिपक्षीय करार झाला. या देखरेखीची साधने पाहिली की तिच्याविषयीचे गूढ बरेच कमी होते. धातूच्या दोन अर्ध्या टोपणांचे एक छोटे सील असते. त्याच्या आतल्या बाजूचे ओरखडे आणि डाग यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवलेली असतात, तार ओवून सील लावले जाते, आणि पुढच्या भेटीत ते कापून व्हिएन्नाला नेऊन तेच ओरखडे जुळतात का ते पाहिले जाते. खोटे टोपण बनवता येईल, पण तेच ओरखडे बनवता येणार नाहीत. तळ्यावर कॅमेरे असतात. वापरलेल्या जुडग्यांवर दुर्बिणीसारखे एक उपकरण रोखून त्यांच्या किरणोत्सर्गाने पाण्यात उमटणारी निळसर चेरेन्कोव्ह प्रभा पाहिली जाते. जुडगा बनावट असेल तर ती प्रभा दिसत नाही. हे सगळे कशासाठी, तर वापरलेल्या इंधनात अल्प प्रमाणात प्लुटोनियम तयार झालेले असते आणि 8 किलो प्लुटोनियम नाहीसे झाले तर एक बॉम्ब शक्य आहे असे गृहीत धरून संस्था आपला हिशेब ठेवते. वीजभट्टीतले प्लुटोनियम बॉम्बसाठी गैरसोयीचे असते, हे खरे. निरुपयोगी मात्र नसते.

या सेवेला मी सर्वांत वरचे गुण देतो. तारापूरच्या इंधनाची फिरवाफिरव झाल्याचा निष्कर्ष या संस्थेने कधी काढलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा तंटा याच ठिकाणी येऊन विसंगत ठरतो.

18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते; ते तुर्भ्याच्या सायरस या संशोधन-भट्टीचे होते. सायरस कॅनडाने दिली होती, तिचे जड पाणी अमेरिकेने दिले होते आणि दोघांनीही ते ‘शांततेच्या उपयोगासाठी’ अशा शब्दावर दिले होते. निरीक्षकाची सोय तिथे नव्हती, कारण 1950 च्या दशकात ती सोय नीट अस्तित्वातच आलेली नव्हती. भारताने आपल्या स्फोटाला ‘शांततामय’ म्हटले. कॅनडाला ते पटले नाही आणि कोणत्याही विक्रेत्याला पटले नसते. इथे ग्राहकाच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही हे मान्य करावे लागते की विक्रेत्यांचा राग बनावट नव्हता. दिलेल्या शब्दाचा अर्थ ग्राहकाने विक्रेत्याला न विचारता ठरवला होता.

परंतु त्या रागाचा फटका कुठे बसला ते पाहा. सायरस चालूच राहिली, ती 2010 मध्ये बंद झाली तीही भारताच्या स्वतःच्या निर्णयाने. फटका बसला तो तारापूरला, म्हणजे ज्या एका ठिकाणी प्रत्येक जुडगा मोजलेला होता त्या ठिकाणाला. अमेरिकेने इंधन लगेच थांबवले नाही. ते उशिरा पाठवायला सुरुवात केली, मग प्रत्येक खेपेच्या परवान्यावर वॉशिंग्टनमध्ये सुनावण्या होऊ लागल्या. मार्च 1978 मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने नवा अण्वस्त्र प्रसारबंदी कायदा आला. त्यानुसार ज्या देशाने आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणलेली नाहीत, त्याला ठरावीक मुदतीनंतर इंधन द्यायचे नव्हते. आधीच झालेल्या करारालाही हा कायदा लागू होता. तीस वर्षांचा करार करून पंधराव्या वर्षी विक्रेत्याने आपल्या घरात नवा नियम केला आणि तो ग्राहकावर मागील तारखेपासून बसवला, असे त्याचे साध्या व्यवहाराच्या भाषेतले वर्णन होईल.

त्यापुढचा प्रसंग तर ग्राहकसेवेच्या इतिहासात नोंदवावा असा आहे. 1980 मध्ये इंधनाच्या दोन खेपा, एकूण 38 टन, मंजुरीच्या प्रतीक्षेत होत्या. अमेरिकी अणुनियमन आयोगाने परवाना नाकारला. ज्यांच्या सहीने कायदा झाला त्याच कार्टर यांनी आयोगाचा निर्णय बाजूला सारून खेपा पाठवण्याचा आदेश काढला, कारण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि भारताला दुखावणे सोयीचे नव्हते. प्रतिनिधीगृहाने मोठ्या बहुमताने अध्यक्षांच्या विरोधात मत दिले. सिनेटने सप्टेंबरमध्ये 48 विरुद्ध 46 अशा मतांनी अध्यक्षांना साथ दिली आणि आदेश टिकला. बोईसरजवळच्या दोन भट्ट्या चालू राहायच्या की नाहीत, हे दोन सिनेटरांच्या फरकाने ठरले. मंजुरी मिळाली म्हणून आनंद मानावा, की असा पुरवठा किती विसंबण्याजोगा आहे हे कळले म्हणून सावध व्हावे? भारताच्या अणुऊर्जा विभागाने सावध होण्याचा मार्ग धरला, आणि तो बरोबर होता.

अमेरिकेला मी मालासाठी पाचपैकी चार आणि सेवेसाठी एक तारा देतो. तो एक ताराही 1982 च्या तडजोडीसाठी आहे. इंदिरा गांधींच्या त्या वर्षीच्या अमेरिका भेटीत असे ठरले की करार मोडायचा नाही, देखरेखही सोडायची नाही, मात्र इंधन फ्रान्सने द्यावे. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे सोडावे लागले नाही आणि भट्टी विझली नाही. देण्याची इच्छा नसलेला पुरवठादार निदान वाट अडवून उभा राहिला नाही.

फ्रान्सविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही, आणि पुरवठादाराविषयी ही तक्रार नसून प्रशंसा आहे. सुरुवातीला देखरेखीच्या अटी किती काळ आणि कशाकशाला लागू राहतील यावर घासाघीस झाली, मग तोडगा निघाला आणि इंधन येत राहिले. 1993 मध्ये मूळ कराराची मुदत संपली. तोपर्यंत फ्रान्सनेही ‘सर्व केंद्रांवर देखरेख असेल तरच विक्री’ हे धोरण स्वीकारले होते, त्यामुळे तो व्यवहार थांबला. साडेतीन तारे.

मुदत संपल्यावर भारताला एक मोकळीक होती, निदान कागदावर. करार संपला तर त्यासोबतचे निरीक्षणही संपले, असे म्हणता आले असते. भारताने तसे केले नाही. तारापूरवरील देखरेख पुढे चालू ठेवण्यासाठी व्हिएन्नाशी नवा करार केला. याचे श्रेय ग्राहकाला क्वचितच मिळते, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

1995 मध्ये चीनने इंधन दिले. अणुसाहित्याच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या विक्रेत्या देशांच्या गटाचा, म्हणजे अणुपुरवठादार गटाचा, चीन तेव्हा सदस्य नव्हता, त्यामुळे गटाचे नियम त्याला लागू नव्हते. गंमत अशी की त्याच सुमारास हाच पुरवठादार पाकिस्तानात चष्मा येथे सुमारे 300 मेगावॉटचे अणुवीज केंद्र उभारत होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक असलेला दुकानदार कोणाच्याही भांडणात पडत नाही, हे एका अर्थाने खरे असेल. पण त्याच्या मनात कोण पहिले, हे पुढच्या तीस वर्षांत पुरेसे स्पष्ट झाले. चष्म्याला एकामागून एक चार भट्ट्या झाल्या, कराचीजवळ सुमारे 1100 मेगावॉटच्या दोन भट्ट्या 2021 आणि 2022 मध्ये सुरू झाल्या, आणि 2004 मध्ये गटात आल्यानंतरच्या या विक्रीचे समर्थन चीनने ‘हे सौदे जुन्याच कराराखालचे आहेत’ असे सांगून केले. तारापूरपुरते म्हणाल तर चीनचा माल आला, चालला. तीन तारे.

रशियाने 2001 मध्ये 58 टन आणि 2006 मध्ये 60 टन इंधन दिले. दोन्ही वेळा आधार एकच होता: भट्टीच्या सुरक्षिततेसाठी तातडीने गरज असेल तर अपवाद करता येतो, अशी गटाच्या नियमांतील तरतूद. इंधन संपल्याने भट्टी धोकादायक कशी होते, असा प्रश्न 2001 मध्ये गटातील बहुतेक सदस्यांनी विचारला आणि तो चुकीचा नव्हता. इंधन नसलेली भट्टी फक्त बंद पडते. म्हणजे रशियाने ग्राहकासाठी नियम ताणला. ग्राहकाला हे आवडणारच. परंतु ज्याला आपल्या सोयीसाठी नियम ताणता येतो, त्याला उद्या दुसऱ्याच्या सोयीसाठीही तो ताणता येईल, हे जाणकार ग्राहकाने विसरू नये. चार तारे, या शेऱ्यासह.

या चौघांच्या दरम्यान, 1990 च्या दशकाच्या मध्यात, भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या मिश्र ऑक्साइडचे काही जुडगे तयार करून तारापूरच्या भट्टीत घालून पाहिले. परका पुरवठा तुटला तर काय, याचे ते उत्तर होते. इंधन म्हणून ते चालले. पण प्रसारबंदीच्या दृष्टीने विचार केला तर विक्रेत्यांनी हात आखडता घेतल्याचा परिणाम असा झाला की ग्राहक प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या आणि वापरण्याच्या कामात अधिक तरबेज झाला. इंधन रोखणाऱ्यांना हे हवे होते का?

हा अनुभव एकट्या भारताचा नाही. कराचीजवळ कॅनडाने बांधून दिलेली 137 मेगावॉटची कनुप ही भट्टी 1972 पासून वीज देत होती आणि तिच्यावरही आंतरराष्ट्रीय देखरेख होती. पोखरणनंतर कॅनडाने पाकिस्तानकडे अधिक कडक अटी मागितल्या, त्या मान्य झाल्या नाहीत, आणि 1976 च्या अखेरीस इंधन, सुटे भाग आणि तांत्रिक मदत असे सगळेच बंद केले. पाकिस्तानने काही वर्षांत स्वतःच इंधन बनवायला घेतले आणि 1980 पासून स्वतःच्या इंधनावर ती भट्टी चालवली. ती 2021 मध्ये कायमची बंद झाली. पाकिस्तानने बॉम्बसाठी धरलेला काहुटा येथील समृद्धीकरणाचा मार्ग या सगळ्यापासून वेगळा होता आणि तो कोणत्याही निरीक्षकाच्या नजरेखाली नव्हता. म्हणजे दोन्ही देशांत देखरेखीखालच्या वीजभट्टीला शिक्षा झाली आणि देखरेखीबाहेरची कामे वाढली. कॅनडाच्याच मदतीने उभी राहत असलेल्या राजस्थानातल्या दुसऱ्या भट्टीचेही तसेच. कॅनडाचे अभियंते निघून गेल्यावर भारतीयांनी ती पूर्ण केली आणि त्या धड्यावरच पुढची जड पाण्याच्या भट्ट्यांची मालिका उभी राहिली. पुरवठा तोडणे हे प्रसारबंदीचे हत्यार म्हणून किती कमकुवत आहे, याचा दक्षिण आशियाइतका स्पष्ट नमुना दुसरीकडे सापडणे कठीण.

तारापूरच्या आवारातच याचा दृश्य पुरावा आहे. पहिल्या दोन भट्ट्यांना लागून तिसरी आणि चौथी आहे, प्रत्येकी 540 मेगावॉटची, देशी बनावटीची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी; त्या 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. 2006 मध्ये भारताने आपली नागरी आणि लष्करी केंद्रे वेगळी करण्याची योजना मांडली, तेव्हाच्या 22 भट्ट्यांपैकी 14 देखरेखीखाली देऊ केल्या, आणि त्यांत तारापूरची पहिली जोडी होती, दुसरी नव्हती. एकाच कुंपणाच्या आत एका इमारतीत व्हिएन्नाचे सील आणि शेजारच्या इमारतीत नाही, अशी ही स्थिती आहे. दुसऱ्या जोडीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. त्या गावकऱ्यांचा पुनर्वसनाचा लढा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण या केंद्राच्या हिशेबात तो खर्चाच्या बाजूला मांडलाच पाहिजे.

आता परतीच्या मालाकडे. वापरून झालेले अमेरिकी इंधन तारापूरच्या तळ्यांत आणि साठवणीत पडून राहिले. 1963 च्या करारानुसार त्यावर पुनर्प्रक्रिया करायची, म्हणजे त्यातले प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे काढायचे, तर देखरेख परिणामकारक राहील असे दोन्ही सरकारांनी मिळून ठरवायचे होते. पुनर्प्रक्रियेचा कारखाना तारापूरलाच उभा होता. अमेरिकेने तो संयुक्त निर्णय कधी दिला नाही, आणि इंधन परतही नेले नाही. माल वापरू देणार नाही, उचलूनही नेणार नाही, साठवणीचा खर्च मात्र तुमचा: या एका कलमासाठी मी अमेरिकेच्या सेवेला शून्याखाली गुण दिले असते, तशी सोय असती तर. प्रसाराच्या धोक्याच्या दृष्टीनेही हे वाईट, कारण वर्षे जातात तशी वापरलेल्या इंधनाची प्रखर किरणोत्सारिता उतरते आणि ते हाताळणे सोपे होत जाते. जो पुरवठादार इंधन परत नेतो तो महाग असला तरी प्रसारबंदीच्या कसोटीवर सरस ठरतो. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या 1988 च्या मूळ सोव्हिएत करारात तशी तरतूद होती. नंतर ती बदलली आणि इंधन भारताकडेच राहील असे ठरले, कारण भारताला ते हवे होते. ग्राहकाच्या दृष्टीने सोय आणि जगाच्या दृष्टीने खबरदारी या इथे एका दिशेला जात नाहीत, हे कबूल करूनच पुढे जावे.

2008 नंतरचा व्यवहार पुष्कळ सुधारला. 6 सप्टेंबर 2008 रोजी अणुपुरवठादार गटाने भारताला सवलत दिली, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याच्या, ‘123 करार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करारावर सह्या झाल्या आणि युरेनियमचे दुकान पुन्हा उघडले. त्यापूर्वीच्या काही वर्षांत देशी युरेनियम अपुरे पडल्याने भारतीय भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागत होत्या, याची आठवण ठेवली म्हणजे सवलतीची किंमत कळते. कझाकस्तान, रशिया, फ्रान्स आणि 2015 मध्ये कॅनडाही विक्रेत्यांच्या यादीत आला. ज्या कॅनडाने चाळीस वर्षांपूर्वी दार लावले होते, त्याच्या कंपनीने पाच वर्षांत सुमारे 3000 टन युरेनियम देण्याचा करार केला. एका विक्रेत्याला बांधून घेण्याची 1963 ची चूक पुन्हा केली गेली नाही, हे या परीक्षणातले सर्वांत समाधानाचे वाक्य.

123 करार वाचताना तारापूरचा कटू अनुभव मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे पानोपानी जाणवते. पाचव्या कलमात पुरवठा खंडित होऊ नये म्हणून भारताने इंधनाचा राखीव साठा करण्यास अमेरिकेचा पाठिंबा लिहून घेतला आहे आणि पुरवठा तुटलाच तर मित्रदेशांना एकत्र आणून तो पूर्ववत करण्याचे आश्वासनही आहे. चौदाव्या कलमात एक वर्षाच्या नोटिशीने करार मोडता येतो, विक्रेत्याला आपला माल परत मागता येतो, पण त्याची भरपाई द्यावी लागते. शिवाय करार मोडण्यास कारणीभूत झालेली परिस्थिती बदललेल्या सुरक्षा वातावरणामुळे किंवा दुसऱ्या देशांच्या तशाच कृतीमुळे निर्माण झाली का, याचा विचार करावा असे त्यात लिहिले आहे. म्हणजे ‘शेजाऱ्याने स्फोट केला म्हणून आम्ही केला’ या सबबीला करारात जागा ठेवलेली आहे. प्रसारबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्यांना हे वाक्य झोंबते, आणि त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटत नाही: तणावाच्या प्रदेशात अशी सबब शोधायला कोणाला वेळ लागतो? तरीही 1974 मध्ये नव्हती अशी बोलण्याची एक पायरी मधे आली, आणि ती उपयोगाची आहे.

तणावाचाच विषय निघाला म्हणून आणखी एका व्यवस्थेचे गुण नोंदवतो, जिचा पुरवठादार कोणी परका नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तान यांनी 31 डिसेंबर 1988 रोजी केला. त्यानुसार 1992 पासून दरवर्षी 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षानंतर दिल्या, संसदेवरील हल्ल्यानंतर दिल्या, मुंबईवरील हल्ल्यानंतरही दिल्या. मे 2025 मधील भारत-पाकिस्तान चकमकीत, पाकिस्तानच्या अण्वस्त्रांशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या तिथल्या किराणा टेकड्यांविषयी समाजमाध्यमांत वाटेल ते फिरले आणि पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही, असे व्हिएन्नाच्या संस्थेला सांगावे लागले. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर भट्टी असलेल्या राज्यातील रहिवाशाला या साध्या, बिनखर्चाच्या यादीचे मोल कोणत्याही इंधन-हमीपेक्षा कमी वाटू नये. पूर्ण पाच तारे, आणि हे पाच तारे देताना मला अडखळायला होत नाही.

नवे विक्रेते दारात उभे आहेत, त्यांच्याविषयी दोन शब्द. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा देकार आहे. इतकी वर्षे तो किंमत आणि अपघाताच्या भरपाईचे उत्तरदायित्व यांत अडकत आला आणि स्थानिकांचा विरोध ओसरलेला नाही, त्यामुळे त्याला गुण देण्यासारखे अजून काही घडलेले नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने होल्टेक या कंपनीला लहान भट्ट्यांचे तंत्रज्ञान भारतातील तीन कंपन्यांना देण्याची परवानगी दिली. त्यांतली एक होल्टेकचीच पुण्यातील शाखा आहे. परवानगीत अट अशी की हे तंत्रज्ञान तिसऱ्या कोणाला द्यायचे नाही आणि ते फक्त देखरेखीखालच्या शांततामय कामासाठी वापरायचे. अट योग्य आहे. या भट्ट्यांनाही समृद्ध इंधन लागेल, म्हणून खरेदीदाराने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: किमान दोन देशांकडून इंधन घेण्याची मुभा, भट्टीच्या पूर्ण आयुष्याला पुरेल असा राखीव साठा करण्याचा हक्क, आणि वापरलेले इंधन विक्रेता नेणार की खरेदीदार त्यावर पुनर्प्रक्रिया करणार याचे उत्तर तारखेसह. तिसऱ्या मुद्द्यावर विक्रेता ‘दोन्ही सरकारे मिळून ठरवतील’ असे म्हणू लागला, तर त्याला तारापूरची साठवण दाखवायला न्यावे.